पहिल्या सबमिशनआधी नाव पक्कं करा

बायोमेडिकल संशोधनात पेपर कुठे पाठवायचा यावर महिनोन्‌महिने खल चालतो. पेपरवर आपलं नाव कसं छापायचं, हे मात्र सबमिशनच्या रात्री घाईत फॉर्म भरताना ठरतं. नवख्या संशोधकाचं सर्वांत मोठं नुकसान इथेच होतं आणि चार-पाच वर्षं त्याचा पत्ताही लागत नाही.

एका पेपरवर पूर्ण नाव, दुसऱ्यावर नुसती आद्याक्षरं, तिसऱ्यावर मधलं नाव गाळलेलं. त्यात आडनाव बदललं, संस्था बदलली. स्कोपस (शोधलेखांची नोंद ठेवणारा डेटाबेस) नाव, संस्था, विषय आणि सहलेखक जुळवून लेखक ओळखतं. जुळणी फसली की तुमचे दोन लेखक होतात. सायटेशनची, म्हणजे इतर पेपरांनी तुमच्या पेपरच्या दिलेल्या संदर्भांची, बेरीज नंतर करता येते, पण भौतिकशास्त्रज्ञ हर्श यांनी २००५ साली मांडलेला एच-इंडेक्स असा बेरजेने निघत नाही. पाच पेपरना प्रत्येकी किमान पाच सायटेशन असली, तर तो ५; सहा पेपरना किमान सहा असली, तर ६. समजा, एका प्रोफाइलमध्ये सहा पेपर आहेत आणि त्यांची सायटेशन ४०, २२, १५, ९, ६, ३ आहेत. एच-इंडेक्स ५. दुसऱ्यात पाच पेपर: १८, ११, ८, ५, २. एच-इंडेक्स ४. सगळे एकत्र लावले की तो ७ होतो. अर्ज चाळणाऱ्याला मात्र समोर उघडलेल्या प्रोफाइलमधला ५ दिसतो आणि तो पुढचा अर्ज उचलतो. काम तुमचंच, वर्षंही तुमचीच. हिशेबात मात्र ती दुसऱ्याच कुणाची!

म्हणून नावाचं एकच रूप ठरवा आणि ते सोडू नका. ऑर्किडचा, म्हणजे संशोधकाच्या कायमच्या ओळखीचा, १६ अंकी क्रमांक पहिल्या सबमिशनआधीच काढा. तो मोफत मिळतो. त्याला संस्थेच्या ईमेलसोबत खासगी ईमेलही जोडा. करार संपला की संस्थेचा ईमेल बंद होतो, लॉगिन होत नाही, माणूस नवा ऑर्किड काढतो आणि पुन्हा दोन तुकडे. क्रॉसरेफला (छापलेल्या पेपरांची नोंदणी करणारी संस्था) परवानगी दिलीत, तर तुमच्या ऑर्किडसह छापलेले पेपर आपोआप नोंदले जातात. पण बरीच जर्नल्स फक्त करस्पाँडिंग ऑथरचाच (जर्नलशी पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाचाच) ऑर्किड सक्तीने मागतात. तुम्ही तिसरे लेखक असाल तर तो स्वतःहून कळवा, नाहीतर ती जागा रिकामीच राहते.

आणि ऑर्किड काढला म्हणजे स्कोपस सुधारलं, असं समजू नका. तिथे लेखक-दुरुस्तीची सोय आहे, वर्गणी लागत नाही. दोन्ही प्रोफाइल निवडून ती एकत्र करण्याची विनंती पाठवायची आणि थोडी वाट पाहायची. वेब ऑफ सायन्स या दुसऱ्या डेटाबेसवरचं प्रोफाइल वेगळं क्लेम करावं लागतं. गूगल स्कॉलरमध्ये पेपर आपोआप जोडण्याचा पर्याय बंद ठेवा, कारण नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे पेपर आत येतात आणि ते तसेच राहिले की तुमच्या हेतूवर शंका घेतली जाते. प्रीप्रिंट (परीक्षणाआधी ऑनलाइन टाकलेली प्रत) आणि छापील आवृत्ती तिथे वेगवेगळी दिसत असेल तर दोन्ही निवडून मर्ज करा.

दोन प्रोफाइल आत्ताच सापडली असतील तर घाबरू नका. हे दुरुस्त होतं.

सायटेशन विकत मिळवून देणाऱ्यांना, किंवा ‘तू माझा पेपर साइट कर, मी तुझा करतो’ म्हणणाऱ्यांना दारातही उभं करू नका. असे साचे डेटाबेसमध्ये उघडे पडतात आणि डाग कायमचा राहतो. ‘आमचं जर्नल पबमेडवर आहे’ एवढ्यावरही विसंबू नका. पबमेड म्हणजे वैद्यकीय लेख शोधायची मोफत साइट. पबमेड सेंट्रल या पूर्ण लेखांच्या मोफत साठ्यातले लेख पबमेडवर दिसतात, पण ते जर्नल मेडलाइनमध्ये, म्हणजे पारखून घेतलेल्या जर्नल्सच्या डेटाबेसमध्ये, असेलच असं नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या एनएलएम कॅटलॉगमध्ये जर्नलचं नाव टाका आणि ते सध्या मेडलाइनसाठी इंडेक्स होतं का, ते वाचा. इम्पॅक्ट फॅक्टर ही जर्नलच्या आधीच्या दोन वर्षांच्या लेखांना मिळालेल्या सायटेशनची सरासरी आहे. थोडे लेख ती वर ओढतात, तुमच्या पेपरबद्दल ती काही सांगत नाही.

पहिल्याच वर्षी रिव्ह्यू (इतरांच्या संशोधनाचा आढावा) लिहून सायटेशन वाढवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. स्वतः बेंचवर हात न चालवता लिहिलेला रिव्ह्यू पोकळ असतो. त्यापेक्षा पद्धत नीट लिहा. प्रथिनं मोजण्याच्या पद्धतीवरचा लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ सालचा पेपर तीन लाखांहून अधिक वेळा साइट झाला, कारण ती पद्धत इतरांना वापरता आली. अँटिबॉडीचा कॅटलॉग नंबर, लॉट, डायल्यूशन, आरआरआयडी (त्या अँटिबॉडीचा ठरलेला ओळख-क्रमांक); सेल लाइनची एसटीआर तपासणी (डीएनएवरून ओळख पटवणारी) आणि पॅसेज क्रमांक; सेंट्रिफ्यूजचा वेग आरपीएममध्ये नको, जी-मध्ये (गुरुत्वाकर्षणाच्या पटीत) द्या, कारण रोटर बदलला की आरपीएमला अर्थ उरत नाही. पहिली दोन वर्षं सायटेशन कमी असणं अगदी स्वाभाविक आहे, छोट्या विषयात तर अधिकच.

गाइड निवडताना त्यांचा एच-इंडेक्स पाहू नका. पेपरवर शेवटचं नाव सहसा गाइडचं आणि पहिलं प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं असतं. पबमेडवर ते शेवटचे लेखक असलेले पेपर काढा आणि फर्स्ट ऑथर कोण आहेत ते वाचा. दरवेळी तीच दोन नावं असतील तर बाकीचे विद्यार्थी कुठे गेले, ते विचारा. लेखकांचा क्रम प्रयोग सुरू होण्याआधीच ईमेलवर लिहून घ्या, आणि रिव्हिजनमध्ये नवे प्रयोग वाढले की तोच ईमेल पुन्हा उघडून बोला.