अमेरिकेतलं ख्रिश्चन हायस्कूल: नियम कसे वाचावेत, जीपीए कसा मोजावा

दहावीच्या मार्कशीटवर वाढलेल्या आईबापांच्या डोक्यात एक गणित पक्कं बसलेलं असतं: वर्षभर काहीही होवो, खरा निकाल मार्चमधल्या पेपरांचा. अमेरिकेत ते लागू पडत नाही. इथे नववीच्या ऑगस्टमध्ये न दिलेला गृहपाठ बारावीत कॉलेजच्या अर्जाबरोबर जाणाऱ्या ट्रान्स्क्रिप्टपर्यंत (नववी ते बारावीच्या ग्रेडींच्या अधिकृत उताऱ्यापर्यंत) आणि त्यावरच्या जीपीएपर्यंत, म्हणजे ग्रेडींच्या सरासरीपर्यंत, पोचू शकतो. त्यात शाळा ख्रिश्चन, म्हणजे खासगी असेल तर नियम तिचे स्वतःचे. रस्त्यापलीकडच्या सरकारी शाळेतल्या शेजाऱ्याचा सल्ला निम्माच कामाचा.

आधी हँडबुक, मग फी

प्रवेशाची अनामत भरण्यापूर्वी पालक-विद्यार्थी हँडबुक मागून घ्या. ते जाडजूड असतं, गणवेशावरच चार पानं असतात, ती सोडून द्या. पण बाकीचं वाचायलाच हवं, कारण तुमच्यात आणि शाळेत करार म्हणावा असा तोच कागद. मुलाचं शैक्षणिक रेकॉर्ड बघण्याचा हक्क पालकांना देणारा १९७४ चा ‘फेर्पा’ कायदा केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या संस्थांना लागतो. बहुतेक खासगी हायस्कुलं त्याच्याबाहेर राहतात.

वाचताना तीन गोष्टींवर खूण करा. शाळा कोणाला घेते? काही शाळांत आईवडिलांपैकी एक तरी श्रद्धावान ख्रिस्ती असावा आणि त्यांनी शाळेच्या श्रद्धानिवेदनावर सही करावी अशी अट असते. काही शाळा कुठल्याही धर्माच्या मुलाला घेतात, पण बायबलचा तास आणि चॅपलची (शाळेतल्या सामुदायिक उपासनेची) हजेरी सगळ्यांना सारखी. दुसरं, मान्यता कोणाची? ‘एसीएसआय’ (ख्रिश्चन शाळांची आंतरराष्ट्रीय संघटना) किंवा ‘कॉग्निया’ ही नावं नेहमी दिसतात. मान्यता नसली तर शाळा बदलताना क्रेडिटं, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांची मोजणी, धरून घेण्यासाठी भांडावं लागतं. तिसरं, फी थकली तर शाळा प्रगतिपुस्तक किंवा ट्रान्स्क्रिप्ट अडवून ठेवते का? पुष्कळ ठिकाणी ठेवतात, आणि तसं हँडबुकात स्पष्ट छापलेलं असतं.

पट्टी कुठली ते बघा

ए, बी, सी, डी, एफ ही अक्षरं सगळीकडे तीच, पण त्यामागचे टक्के तेच असतीलच असं नाही. एका शाळेत ९० ला ए मिळतो, दुसरीत त्यासाठी ९३ लागतात. तिथे ९१ टक्क्यांचा मुलगा बी घेऊन घरी येतो. काही शाळा ए-वजा, बी-अधिक अशा पायऱ्या करतात, काही करत नाहीत. आपल्याकडे ३५ ला पास. इथे साधारण ६० च्या खाली, आणि कडक शाळांत ७० च्या खाली, नापास.

प्रत्येक शिक्षकाचा सिलॅबस वाचा

खरी ग्रेड ठरते ती इथे, आणि पालक नेमकं हेच पान उलटून पुढे जातात. सिलॅबस म्हणजे इथे शिक्षकानं आपल्या विषयाचे नियम लिहून दिलेला कागद. त्यात गुणांची वाटणी दिलेली असते. समजा परीक्षांना ५० टक्के वजन, छोट्या चाचण्यांना २०, गृहपाठाला २०, वर्गातल्या सहभागाला १०. आता मुलानं चारपैकी तीन गृहपाठ उत्तम केले आणि चौथा दिलाच नाही. शंभर, शंभर, शंभर आणि शून्य, सरासरी ७५. गृहपाठाचं वजन २० टक्के, म्हणजे एकूण ग्रेडमधून पाच गुण गेले. ९२ चे ८७ झाले, ए चा बी झाला, आणि पोरगा शपथेवर सांगतो की पेपर तर सगळे छान गेले. खोटं बोलत नसतो तो. म्हणून शाळेच्या ऑनलाइन पोर्टलवर परीक्षेचे मार्क बघण्याआधी ‘मिसिंग’ असं लिहिलेल्या ओळी शोधा. उशिरा दिलेल्या कामाचे रोज किती गुण कापतात, आजारपणानंतर किती दिवसांची सवलत, हेही सिलॅबसमध्येच सापडतं.

सत्राची ग्रेडही अशीच बनते. दोन क्वार्टर (सत्राचे दोन अर्धे भाग) प्रत्येकी ४० टक्के आणि सत्रांत परीक्षा २० टक्के, अशी रीत बऱ्याच ठिकाणी आहे. मुलीला ८८ आणि ९१ मिळालेत, तिला ९० वर ए हवाय. ८८ चे ४० टक्के ३५.२, ९१ चे ३६.४, बेरीज ७१.६. उरले १८.४. त्याला ०.२ ने भागा: परीक्षेत ९२ हवेत. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हा हिशेब मुलीकडूनच करून घ्या. कुठल्या विषयाला किती रात्री द्यायच्या ते तिचं तिलाच कळेल.

बायबल हा विषयच आहे

हिंदू घरातली मुलं असोत की नगर-सोलापूरकडच्या ख्रिस्ती घरांतली, दोघांचाही इथे गैरसमज होतो. पहिल्यांना वाटतं, ही प्रार्थनेची तासिका, आपल्याला माफ. दुसऱ्यांना वाटतं, लहानपणापासून ऐकलंय, वाचायचं काय त्यात. बायबलच्या तासाला निबंध असतात, घटनांच्या कालरेषा असतात, आणि वचनपाठाची चाचणी असते. तिथे शाळेनं ठरवलेल्या इंग्रजी भाषांतरातलं वचन शब्दन् शब्द लिहावं लागतं. आजीकडून मराठीत पाठ झालेलं स्तोत्र तिथे उपयोगी पडत नाही. ग्रेड सहसा अभ्यासाची मिळते, श्रद्धेची नाही. तरी एखाद्या निबंधात ‘तुझा अनुभव लिही’ असं असेल तर तो कसा तपासणार, हे सत्राच्या सुरुवातीलाच सभ्यपणे विचारून घ्यावं. या शाळेत जितकी वर्षं, तितकी वर्षं बायबल, अशीच बहुधा पदवीची अट असते. काही शाळा त्यावर सेवाकार्याचे तास आणि चॅपलची हजेरीही मोजतात.

जीपीए तीन प्रकारे मोजा

एक क्रेडिट म्हणजे बहुधा वर्षभराचा एक विषय. १२० तासांच्या ‘कार्नेगी युनिट’ची ही पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चालत आली आहे. सत्राला अर्धं क्रेडिट. ए ला ४, बी ला ३, सी ला २, डी ला १. ऑनर्स (जास्त कठीण पातळीच्या) विषयाला बहुधा अर्धा आणि एपीला (कॉलेजच्या पातळीच्या विषयाला) एक गुण वाढवून देतात.

एका सत्राचा नमुना घ्या: इंग्रजी बी, ऑनर्स बीजगणित ए, जीवशास्त्र बी, इतिहास ए, स्पॅनिश सी, बायबल ए. साधी बेरीज २०, भागिले सहा, जीपीए ३.३३. बीजगणिताचा वाढीव अर्धा धरला तर २०.५ भागिले सहा, ३.४२. आता बायबल वगळा: १६ भागिले पाच, ३.२०. मूल तेच, आकडे तीन. शाळेच्या सन्मानयादीला ३.४२ धरतील. पुष्कळ कॉलेजं मात्र मुख्य विषय वेगळे काढून स्वतःचा जीपीए मांडतात, आणि त्यांना ३.२० दिसतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठ फक्त आपण मान्य केलेले ‘ए-जी’ (ए ते जी अशा गटांतले) विषय धरतं आणि जीपीएत नववीच्या ग्रेडी घेत नाही. विषयांच्या या मान्यतेवरून कोर्टकज्जाही झाला. एसीएसआय आणि मुरिएटाच्या कॅल्व्हरी चॅपल ख्रिश्चन स्कूलनं २००५ मध्ये विद्यापीठावर दावा लावला, कारण धार्मिक दृष्टीनं लिहिलेली पुस्तकं वापरणारे शाळेचे काही विषय विद्यापीठानं प्रवेशासाठी अमान्य केले होते. २००८ मध्ये निकाल विद्यापीठाच्या बाजूनं लागला आणि २०१० मध्ये अपिलातही तोच राहिला. म्हणून कॅलिफोर्नियात राहत असाल तर शाळेचे कुठले विषय मान्य यादीत आहेत ते विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शाळेच्या नावानं शोधा. ते नववीतच करावं, अकरावीत कळून उपयोग नाही.

भारतातून मधेच येत असाल तर

आठवीपर्यंत फारसा प्रश्न नसतो. नववी-दहावीची गुणपत्रकं मात्र जुन्या शाळेकडून शिक्का मारून, बंद पाकिटात घ्या आणि सोबत बोर्डाची श्रेणीपद्धत जोडा. नाहीतर शाळेच्या नोंदी ठेवणारा रजिस्ट्रार ७८ टक्के बघतो आणि सरळ सी लिहून मोकळा होतो. मराठीला परदेशी भाषेचं क्रेडिट मिळेल का, हेही त्याच भेटीत विचारा. जे कबूल होईल ते ईमेलवर लिहून घ्या.

ग्रेड पटली नाही तर

विषय बदलण्याची मुदत सत्राच्या सुरुवातीला थोडेच दिवस असते. नंतर सोडलात तर ट्रान्स्क्रिप्टवर खूण राहते. जीपीए २.० च्या खाली गेला की बऱ्याच शाळांत ‘प्रोबेशन’ (ताकीद देऊन देखरेखीखाली ठेवणं) लागतं, आणि खेळाच्या संघातून तर त्याआधीच बाहेर बसवतात. नक्कल किंवा एआयकडून लिहून घेतलेला निबंध पकडला तर त्या कामाला शून्य मिळतंच, शिवाय पालकांनाही बोलावणं येतं.

तक्रारीची रीत बहुतेक ख्रिश्चन शाळा बायबलमधल्या मत्तय १८:१५ वरून घेतात: ज्याच्याशी वाद, त्याच्याशी आधी एकट्यानं बोला. थेट मुख्याध्यापकांना ईमेल केलात तर ते विनम्रपणे परत शिक्षकाकडेच पाठवतील. तेव्हा पहिली भेट शिक्षकाची, शक्यतो मुलानं स्वतः घेतलेली, हातात सिलॅबस आणि तपासलेला पेपर. नाही सुटलं तर काउन्सेलर किंवा विभागप्रमुख, मग मुख्याध्यापक. हे सगळं ग्रेड पक्की व्हायच्या आत उरका. मुदत हँडबुकात दिलेली असते. जूनमध्ये ट्रान्स्क्रिप्टची अनधिकृत प्रत मागवा आणि प्रत्येक ओळ पोर्टलवरच्या ग्रेडशी ताडून पाहा.