सेप्सिसच्या पेशंटचं लॅक्टेट आणि पीसीटी: लॅबमध्ये नवीन येणाऱ्यांसाठी

डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करून जळगावात एका हॉस्पिटलच्या लॅबला लागलो तेव्हा वाटायचं, सॅम्पल मशीनला लावलं, रिपोर्ट निघाला, झालं काम. मग मेडिसिनच्या एका रेसिडेंट मॅडमच्या थीसिससाठी सेप्सिसचे, म्हणजे इन्फेक्शनमुळे अवयवच बिघडायला लागलेल्या पेशंटचे, सॅम्पल सांभाळायचं काम माझ्याकडे आलं आणि खरं शिकलो ते तिथं. आयसीयूत आलेल्या पेशंटचं लॅक्टेट (शरीराला रक्त-ऑक्सिजन कमी पडलं की रक्तात वाढतं ते) आणि प्रोकॅल्सिटोनिन, म्हणजे आपलं पीसीटी (बॅक्टेरियाच्या इन्फेक्शनमध्ये वाढणारं प्रोटीन), पहिल्या दिवशी किती, नंतर किती, आणि २८ दिवसांनी पेशंट जिवंत आहे का, एवढाच विषय.

मे महिना, बाहेर ४४ डिग्री. रावेरकडचे केळीवाले एक आप्पा, काटा लागून पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला, बीपी एकदम लो. लॅक्टेट ६ च्या वर निघालं, सगळ्यांची धावपळ. मी बल्ब, म्हणजे रक्ताची नळी, हातात घेतला तर फ्लोराईडचा ग्रे कॅपवाला नाहीच, साधा प्लेन, आणि पाऊण तास वॉर्डातल्या टेबलावर पडलेला. रक्त काढलं तरी लाल पेशी बल्बमध्ये साखर वापरतच राहतात आणि लॅक्टेट बनवत राहतात, गरमीत तर जास्तच; फ्लोराईड तेच थांबवतं. परत काढून बर्फात आणलं, लगेच लावलं, ३.१ आलं. आप्पा सिरियस होतेच, पण घरच्यांना काय सांगायचं ते ६ वर वेगळं आणि ३ वर वेगळं. म्हणून सांगतो, बल्बवर रक्त काढल्याची वेळ लिहून घ्या, लॅबला आल्याची नाही, आणि दंडाला पट्टा बांधून पेशंटला सारखी मूठ आवळायला लावू नका, त्यानंही आकडा चढतो.

२०१६ च्या व्याख्येप्रमाणे सलाईन पुरेसं देऊनही बीपी टिकवायला औषध लागतंय आणि लॅक्टेट २ च्या वर आहे, तर तो सेप्टिक शॉक, त्यात मृत्यूचं प्रमाण ४० टक्क्यांच्या वर जातं. पण एका आकड्यावरून कोणाचं भविष्य सांगू नका. पीसीटी ऑपरेशननंतर, भाजल्यावर, किडनी खराब असली तरी वाढलेलं असतं. बघायचं ते उतरतंय का. उपचार लागू पडला तर साधारण २४ तासांत निम्म्यावर येतं, सीआरपी (सूज-इन्फेक्शनची दुसरी टेस्ट) मात्र हळू चढतं नि हळू उतरतं, त्यामुळे रोज ठरलेल्या वेळेला सॅम्पल पाहिजे म्हणजे पाहिजेच, एक दिवस चुकला की तो पेशंट थीसिससाठी अर्धा गेला.

आप्पांचा मुलगा रोज सकाळी लॅबच्या खिडकीशी यायचा, "भाऊ, आकडा उतरना का?" मी डॉक्टरांकडे पाठवायचो, रिपोर्ट समजावणं त्यांचं काम. पीसीटी ३८, मग २१, मग ११.

आणि फोन नंबर दोन घ्या, एक शेजारच्याचा. २८ व्या दिवशी मुलाचा फोन लागेना, बागेत रेंज नसते. शेजारच्या काकांना लावला, ते म्हणाले थांबा, आणि फोनवर आप्पाच आले.