नव्या पिकअपचा आवाज शोरूमला कसा ऐकवायचा
महिनाभराची गाडी, खंबाटकी चढताना खालून 'कट्-कट्'. शोरूमवाले म्हणाले, "नवीन आहे, बसेल हळूहळू." दोनदा तसाच परतलो.

तिसऱ्यांदा वहीच घेऊन गेलो: दीड टन माल, तिसरा गिअर, ताशी ३०. क्लच दाबला तरी आवाज चालूच, वेग कमी केला की संथ होतो. म्हणजे इंजिन नव्हे, चाकाकडची भानगड. रिकामी गाडी नेऊ नका, ती मुकीच राहते! मेकॅनिकला शेजारी बसवा, स्टिअरिंग आपल्याच हातात. जॉब कार्डवर, म्हणजे शोरूमच्या दुरुस्ती-नोंदीच्या कागदावर, नुसतं 'आवाज येतो' नको, वहीतलं सगळं लिहायला लावा. 'दोष नाही' म्हणाले तरी प्रत घ्याच, वॉरंटीत तीच नोंद कामी येते.

माझ्या गाडीत मागच्या चाकांना फिरवणाऱ्या शाफ्टच्या मधल्या बेअरिंगचा बोल्ट ढिला निघाला. दहा मिनिटांचं काम.