पहिल्याच महिन्यात डेस्ट्रॉयर घेऊ नका: डिस्क निवडताना या चुका टाळा

लॉस एंजेलिसजवळचं ओक ग्रोव्ह हे डिस्क गोल्फचं माहेरघर. एड हेड्रिक यांनी १९७५ साली इथे कोर्स आखला, आणि या खेळाचा पहिला कायमस्वरूपी कोर्स म्हणून तो ओळखला जातो. इथल्या टीवर, म्हणजे पहिली फेक करायच्या जागी, उभं राहिलं की दर शनिवारी मला तेच दिसतं. कोरी करकरीत बॅग, तिच्यात चार-पाच डिस्टन्स ड्रायव्हर (लांब पल्ल्याच्या वेगवान डिस्क), आणि डावीकडच्या झाडांत डिस्क शोधत फिरणारा घामाघूम माणूस. खेळ सोपा आहे: चकती फेकत फेकत साखळ्यांच्या बास्केटपर्यंत न्यायची, तीही कमीत कमी फेकींत. तो अवघड होतो दुकानातच.

स्पीडचा आकडा बघून डिस्क घेणं

डिस्कच्या उड्डाणाचे चार आकडे सांगतात: स्पीड, ग्लाइड (हवेत तरंगत राहणं), टर्न, फेड. डेस्ट्रॉयर या डिस्टन्स ड्रायव्हरचे १२, ५, -१, ३. लेपर्ड या कमी वेगाच्या ड्रायव्हरचे ६, ५, -२, १. नवा माणूस पहिला आकडा वाचतो आणि धरून चालतो की १२ ची डिस्क ६ च्या दुप्पट लांब जाणार. पण १२ हा वेग डिस्क तुम्हाला देत नाही, तो तुम्ही तिला द्यायचा असतो. डेस्ट्रॉयरची कड सुमारे २.२ सेंटिमीटर रुंद असते. त्या आकाराला हवा कापत सरळ जायला जबरदस्त वेग लागतो.

उजव्या हाताने बॅकहँड (हात छातीसमोरून ओढत) फेकलेली डिस्क आधी थोडी उजवीकडे वळते, तो टर्न. वेग ओसरला की डावीकडे झुकत खाली येते, तो फेड. (डावखुऱ्यांनी दिशा उलट वाचाव्यात.) नवशिक्याच्या हातून डेस्ट्रॉयरला हवा तो वेग कधी मिळतच नाही. म्हणून तिच्या उड्डाणातला सरळ टप्पा येतच नाही, हातातून सुटल्या सुटल्या फेड सुरू होतो.

माझा भाचा गेल्या ऑगस्टमध्ये एमएससाठी इथे आला. व्हिडिओ बघून त्याने तीन डिस्टन्स ड्रायव्हर मागवले. पहिल्या दिवशी सगळे थ्रो दीडशे फुटांवर, डावीकडे. मी म्हटलं, माझी लेपर्ड घे. "मामा, ती लहान मुलांची आहे," म्हणाला. मग त्याने स्वतःच एक उपाय शोधला. डिस्कची बाहेरची कड वर उचलून, मनगट पिळून फेकायची, म्हणजे उजवीकडचा कल आणि डावीकडचा फेड एकमेकांना मारतात आणि डिस्क सरळ गेल्यासारखी दिसते. दीड महिना त्याने तेच घोटलं. २१० फूट जाऊ लागली. तो इतका खूश होता की मी गप्प राहिलो. तेव्हाच बोलायला हवं होतं, हे मला आजही वाटतं.

नोव्हेंबरात त्याचं कोपर दुखायला लागलं. त्याच आठवड्यात त्याने पहिल्यांदा लेपर्ड फेकली. ती उजवीकडे वळली, आणखी वळली, आणि कडेवर उभी राहून चाकासारखी घरंगळत गेली. डिस्कमध्ये काही दोष नव्हता. दीड महिन्यात त्याच्या हाताला सपाट फेकणं परकं झालं होतं, आणि वेगवान डिस्कने ते झाकून ठेवलं होतं. कोपर बरं झाल्यावर सगळा हिवाळा एक जुना एव्हिआर पटर (जवळून बास्केटमध्ये टाकायची हळू डिस्क) घेऊन आम्ही मोकळ्या मैदानात उभे. दुसरी डिस्क नाही, बास्केट नाही. मनगट पिळलं की एव्हिआर तिथल्या तिथे लडखडतो. तो काही लपवत नाही, आणि शिकणाऱ्याला त्याचीच गरज असते.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी पटर. तो न लडखडता, सपाट, १८० फूट जाऊ लागला की बझसारखी मिडरेंज (मधल्या पल्ल्याची डिस्क). ती २२० गेली की लेपर्ड. लेपर्ड २८० फूट सरळ जाऊ लागली, की मगच ९ स्पीडच्या पुढचं काही. हे आकडे माझ्या अनुभवाचे आहेत, कुणी दहा-वीस फूट इकडे-तिकडे धरले तर भांडणार नाही. पण पायरी गाळायला माझा विरोध आहे. "थेट ड्रायव्हरवरच शिकतो, वेळ वाचेल" म्हणणाऱ्यांचा वेळ वाचलेला मी पाहिलेला नाही.

थ्रो चुकला की डिस्क बदलणं

डावीकडे गेली, बॅगेतून दुसरी काढा. उजवीकडे गेली, तिसरी काढा. वीस डिस्क बाळगणाऱ्याला आपण काय चुकतोय हे कळणार कसं? प्रत्येक थ्रोला डिस्क वेगळी, मग तुलना कशाशी करायची? मी तीनच डिस्क घ्यायला सांगतो, आणि पैसे उरलेच तर त्याच लेपर्डची दुसरी प्रत. एकाच जागेवरून दोन्ही फेका. दोन्ही वेगवेगळ्या दिशांना गेल्या तर कारण हातात आहे. आणि डिस्कला दोष देण्याआधी तिचं नाक बघा. पुढची कड वर उचललेली असेल तर कुठलीही डिस्क उंच चढते, थांबते आणि डावीकडे कोसळते. समोरून वारा असेल तर तीच डिस्क नेहमीपेक्षा जास्त उजवीकडे वळते, तेही हिशोबात धरा.

बाकीच्या चुका

महागड्या प्लास्टिकचा हट्ट नको. डीएक्स नावाचं साधं, स्वस्त प्लास्टिक झाडांवर आपटून झिजतं आणि हळूहळू अधिक सहज वळू लागतं. हळू हाताला ते सोयीचंच असतं.

१७५ ग्रॅम म्हणजे उत्तम, असं काही नाही. व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅम अशी नियमाची कमाल मर्यादा आहे, आणि २१.१ सेंटिमीटरच्या ड्रायव्हरला ती १७५ वर येते. सुरुवातीला १६० ते १६५ ग्रॅमची घ्या.

हिरवी डिस्क घेऊ नका. गवतात सापडत नाही.

मागच्या बाजूला फोन नंबर लिहा. लोक खरोखर फोन करतात.

तळ्यापलीकडे फेकताना आवडती डिस्क बॅगेतच ठेवा.

भाच्याची लेपर्ड आता २६५ फूट जाते, सरळ. त्याचे तिन्ही ड्रायव्हर अजून माझ्या गाडीच्या डिकीत आहेत. दर शनिवारी तो विचारतो, आणि मी टेप काढून मोजतो.