इंग्लंडच्या खेड्यात राहताय? मग कौन्सिल इलेक्शनची तयारी आत्तापासून करा

मी सफोकमध्ये राहते, स्टोमार्केटजवळच्या एका छोट्या गावात, आमचं डिस्ट्रिक्ट मिड सफोक. 2019 च्या मे महिन्यात इथे कौन्सिलचं इलेक्शन झालं तेव्हा आम्ही नवीन होतो आणि घरात सगळ्यांची एकच समजूत, की आपण व्हिसावर आलोय, पासपोर्ट भारताचा, आपल्याला कुठलं आलंय मत. ती समजूत साफ चुकीची होती. भारत कॉमनवेल्थमधला देश आहे, त्यामुळे इथे कायदेशीर व्हिसावर राहणाऱ्या 18 वर्षांवरच्या भारतीय माणसाला मत देता येतं, वर्क व्हिसा असो, स्टुडंट असो की डिपेंडंट, आणि फक्त कौन्सिलला नाही तर पार्लमेंटच्या इलेक्शनलासुद्धा. हे कळेपर्यंत नोंदणीची तारीख निघून गेली होती आणि डिस्ट्रिक्ट कौन्सिलची पुढची संधी थेट चार वर्षांनी, 2023 ला. तेवढं तुमचं होऊ नये म्हणून हे सगळं एका जागी लिहितेय.

सगळ्यात आधी आपली कौन्सिल कुठली ते बघा, कारण इथे नावांनीच गोंधळ होतो. डिस्ट्रिक्ट म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर जिल्हा येतो, पण इथे जिल्ह्याच्या जागी काउंटी आहे, डिस्ट्रिक्ट साधारण आपल्या तालुक्यासारखं, आणि खाली पॅरिश कौन्सिल म्हणजे आपली ग्रामपंचायतच धरा. कचऱ्याच्या बिन, घरांची प्लॅनिंग परवानगी, कौन्सिलची घरं, हॉटेलांची स्वच्छता तपासणी हे डिस्ट्रिक्टकडे. शाळा, रस्त्यावरचे खड्डे, लायब्ररी, म्हाताऱ्या माणसांची देखभाल हे काउंटीकडे. कौन्सिल टॅक्सचं बिल डिस्ट्रिक्ट पाठवतं पण त्यातला मोठा वाटा काउंटीला जातो, बिल उघडून बघा, कुणाला किती ते लिहिलेलं असतं. काही ठिकाणी हे दोन थर आता उरलेच नाहीत, सॉमरसेट आणि नॉर्थ यॉर्कशरमध्ये एप्रिल 2023 पासून एकच कौन्सिल आहे, आणि सरकारने डिसेंबर 2024 मध्ये जाहीर केलंय की बाकीच्या दोन-थरी भागांतही असंच करायचंय. त्यामुळे शेजारी सांगतो त्यावर जाऊ नका, सरकारी साइटवर आपला पोस्टकोड टाकून तपासा.

मग नोंदणी. ऑनलाइन पाच मिनिटांचं काम, नाव, पत्ता, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर. नंबर नसेल तरी अर्ज करता येतो, मग ते वेगळा पुरावा मागू शकतात. घरातल्या प्रत्येकाने आपापला अर्ज करायचा, नवऱ्याने केला म्हणजे बायकोचा झाला असं होत नाही, आणि आपल्याकडच्या कितीतरी डिपेंडंट बायकांची नोंदणी याच कारणाने राहून जाते हे मी डोळ्यांनी बघितलंय. घर बदललं की पुन्हा नोंदणी. शेवटची तारीख मतदानाच्या 12 वर्किंग डे आधी, मध्यरात्रीपर्यंत, आणि यातला वर्किंग डे हा शब्द नीट लक्षात घ्या कारण मे महिन्याच्या सुरुवातीला बँक हॉलिडे येतो आणि कधी ईस्टरही आसपास असतो. 2023 ला मतदान 4 मे रोजी होतं आणि नोंदणी बंद झाली 17 एप्रिलला. मी तर म्हणेन मार्चमध्येच उरकून टाका.

आता फोटो आयडी, आणि इथे जरा थांबते कारण आपल्या लोकांचा खरा घोळ इथेच होतो. मे 2023 पासून इंग्लंडमध्ये पोलिंग स्टेशनवर फोटो आयडी दाखवावाच लागतो. त्या पहिल्याच वेळी सुमारे 14,000 लोक आयडीअभावी मत न देता परत गेले, असा इलेक्टोरल कमिशनचा अंदाज आहे. आपला भारतीय पासपोर्ट चालतो, इथलं ड्रायव्हिंग लायसन्स चालतं, प्रोव्हिजनल असलं तरी, आणि मुदत संपलेला आयडीही चालतो फक्त फोटोत तुम्ही ओळखू आलं पाहिजे, म्हणून जुनं बीआरपी कार्ड (व्हिसासोबत मिळायचं ते बायोमेट्रिक कार्ड) घरात पडलेलं असेल तर फेकू नका. आधार, पॅन, भारतातलं लायसन्स, ऑफिसचा किंवा हॉस्पिटलचा बॅज, युनिव्हर्सिटीचं कार्ड, यातलं काहीही चालत नाही. फोनमधला फोटोही नाही आणि ई-व्हिसाही नाही, हातात धरता येईल असं मूळ कागदपत्रच लागतं.

आणि नाव. आपल्या मराठी नावाचे तीन तुकडे, त्यात मधलं नाव कधी वडिलांचं कधी नवऱ्याचं, कुणाच्या पासपोर्टवर आहे कुणाच्या नाही, लग्नानंतर आडनाव बँकेत बदललंय पण पासपोर्टवर माहेरचंच आहे, असं आपल्याकडे घरोघरी असतं. नोंदणी करताना पासपोर्ट समोर ठेवा आणि त्यावर आहे तसंच नाव टाइप करा. स्पेलिंगच्या बारीक फरकाने सहसा अडत नाही पण अख्खं आडनाव वेगळं असेल तर मॅरेज सर्टिफिकेट सोबत न्या.

दुसरी गोष्ट म्हणजे पासपोर्ट त्या दिवशी घरात असेल का? रिन्यूअलला दिलाय, कुठल्यातरी व्हिसासाठी एम्बसीत गेलाय, आणि लायसन्स अजून काढलेलं नाही, असं असेल तर व्होटर ऑथॉरिटी सर्टिफिकेट (मतदानापुरतं फोटो ओळखपत्र) मागवा, ते फुकट मिळतं. अर्जाची मुदत मतदानाच्या 6 वर्किंग डे आधी संध्याकाळी 5 पर्यंत.

गुरुवारी ड्युटी असेल (मतदान नेहमी गुरुवारी, सकाळी 7 ते रात्री 10) किंवा मे महिन्यात भारतात लग्नाला जायचं असेल तर पोस्टल व्होट (टपालाने मत) किंवा प्रॉक्सी (तुमच्या वतीने दुसऱ्याने मत देणं). पोस्टलचा अर्ज 11 वर्किंग डे आधी संध्याकाळी 5 पर्यंत, प्रॉक्सीचा 6 वर्किंग डे आधी. पण पोस्टलची कागदं भारतात मागवायच्या भानगडीत पडू नका, जाऊन परत यायला दिवस पुरत नाहीत, विश्वासातल्या माणसाला प्रॉक्सी करा, आणि त्याला सांगा की त्याचा स्वतःचा फोटो आयडी त्याला न्यावा लागेल. पोस्टलमध्ये सही आणि जन्मतारीख टाकायला विसरू नका, अर्जावर केली तशीच सही करा, आणि पाकीट मतदानाच्या रात्री 10 च्या आत पोचलं पाहिजे.

उमेदवार कोण आहेत ते कौन्सिलच्या साइटवर साधारण चार आठवडे आधी कळतं. खेड्यात प्रचाराची पत्रकं येतीलच असं नाही, कधी जागेपुरतेच उमेदवार असतात आणि मतदान न होताच निवडून येतात. उभं राहायला इथे डिपॉझिट लागत नाही, एक सूचक आणि एक अनुमोदक पुरतो. व्हिसावर असताना मात्र उभं राहता येत नाही, त्यासाठी आयएलआर (इथे कायम राहायची परवानगी) किंवा ब्रिटिश नागरिकत्व लागतं. आयएलआर झालेल्या मंडळींनी याचा खरंच विचार करावा असं मला मनापासून वाटतं.

उमेदवार दारात आला तर त्याला डिस्ट्रिक्टचेच प्रश्न विचारा. गावाबाहेरच्या शेतावर घरं बांधायचा अर्ज आलाय, त्यावर तुमचं मत काय, आणि त्या घरांत स्थानिक पोरांना परवडणारी किती? बस बंद झाली हेही सांगा पण ते काउंटीचं आहे हे लक्षात ठेवून. एका मताने काय होतंय असं वाटत असेल तर 2017 आठवा, फेब्रुवारीत मुंबई महापालिकेत 220 नंबरच्या वॉर्डात दोघांना समान मतं पडली आणि चिठ्ठी काढून निकाल लावला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात इथे नॉर्थंबरलंडमध्ये साउथ ब्लाइथ वॉर्डात तसंच झालं, काड्या ओढून ठरवलं, आणि त्या एका जागेमुळे कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचं अख्ख्या कौन्सिलमधलं बहुमत हुकलं. आमच्या मिड सफोकमध्ये 2023 ला ग्रीन पार्टीने 34 पैकी 24 जागा घेतल्या, इंग्लंडमध्ये त्यांना स्पष्ट बहुमत मिळालेली ही पहिली कौन्सिल.

आदल्या रात्री आयडी बॅगेत टाका आणि पोल कार्डवर केंद्र कुठलं आहे ते बघा, बहुतेक व्हिलेज हॉल किंवा शाळा असते. कार्ड हरवलं तरी चालतं, ते आयडी नाही आणि न्यायची सक्तीही नाही. खेड्यात संध्याकाळच्या बसचा भरवसा नसतो, म्हणून कामावर जातानाच मत द्या किंवा कुणाची लिफ्ट ठरवून ठेवा. दहाच्या आत रांगेत उभे असाल तर मत देऊ देतात. दारात रोझेट (पक्षाच्या रंगाचा रिबिनीचा बिल्ला) लावलेलं कुणी तुमचा मतदार यादीतला नंबर विचारेल, ते पक्षाचे लोक असतात, नाही सांगितलं तरी चालतं. आत बटण नाही की बोटाला शाई नाही, कागद आणि पेन्सिल, चौकोनात फुली मारायची. किती फुल्या ते कागदावर वरच लिहिलेलं असतं, एका वॉर्डात दोन-तीन जागा असू शकतात, आणि पॅरिशचंही मतदान असेल तर दुसरा कागद मिळेल. चुकलं तर पेटीत टाकायच्या आधी सांगा, नवीन कागद देतात. सेल्फी बाहेर आल्यावर.

मोजणी बऱ्याच ग्रामीण भागात शुक्रवारी दिवसा होते. निकाल लागला की निवडून आलेल्याचा ईमेल सेव्ह करून ठेवा, आणि गावाच्या नोटीस बोर्डवर अॅन्युअल पॅरिश मीटिंगची तारीख बघा, ती 1 मार्च ते 1 जून या काळात कधीतरी असते, आपल्या ग्रामसभेसारखी, आणि मतदार यादीत नाव असलेल्या प्रत्येकाला तिथे उठून बोलता येतं.