नदीतल्या बुरशीला प्रदूषणाचा त्रास होतोय का, हे पाचोळ्यावरून कसं बघायचं

नदीत बुरशी म्हटलं की पाणी घाणच असणार असं बऱ्याच जणांना वाटतं, पण खरं तर स्वच्छ वाहत्या पाण्यात पडलेलं पान काळपट, मऊ होतं ते बरंचसं बुरशीमुळेच. बुरशीने मऊ केलेलं पान पाण्यातल्या अळ्या आवडीने खातात, कोरं पान सहसा नको असतं त्यांना, आणि त्या अळ्यांवर मासे जगतात. १९४२ मध्ये बुरशीशास्त्रज्ञ सी. टी. इंगोल्ड यांनी ओढ्यात कुजणाऱ्या पानांवरच्या या बुरशांचं वर्णन केलं. त्यांचे बीजाणू (म्हणजे बुरशी ज्यातून पसरते ते सूक्ष्म कण) बघण्यासारखे असतात, काही चार हातांच्या चांदणीसारखे तर काही इंग्रजी एस सारखे वळलेले.

तर करायचं असं. जिथे सांडपाण्याचा नाला नदीला मिळतो त्याच्या वरच्या अंगाला एक जागा घ्या आणि खालच्या अंगाला एक, दोन्हीकडे पाण्याची धार, खोली आणि सावली साधारण सारखी हवी, नाहीतर फरक प्रदूषणाचा की धारेचा हे कळणारच नाही. एकाच झाडाची नुकती गळलेली पानं सुकवून ५-५ ग्रॅम नायलॉनच्या जाळीच्या पिशव्यांत भरा, दोन्ही जागी किमान चार-चार पिशव्या दगडाला घट्ट बांधून एकाच दिवशी सोडा. एक जादाची पिशवी नदीपर्यंत नेऊन तशीच परत आणा, ने-आण करताना किती चुरा पडतो ते त्यावरून कळतं. ३-४ आठवड्यांनी पिशव्या काढा, गाळ हळूच धुवा, पानं सुकवा, वजन करा. ग्लोव्हज घालाच आणि पाणी चढलेलं असेल तर अजिबात उतरू नका.

आता इथेच बहुतेक लोक फसतात. खालच्या पिशवीत पान जास्त कुजलं म्हणजे तिथलं पाणी चांगलं असं समजू नका!! सांडपाण्यातून किंवा खतातून नायट्रोजन-फॉस्फरस थोडा वाढला की बुरशी जोमाने वाढते आणि पान पटापट संपतं, पण तेच खूप वाढलं, ऑक्सिजन घटला, अमोनिया आला किंवा पानांवर गाळाचा थर बसला की उलट कुजणं मंदावतं. म्हणजे थोडं आणि खूप प्रदूषण या दोन्हींमध्ये वजनाचा आकडा सारखाच दिसू शकतो, म्हणून माझ्या मते नुसत्या वजनावर निष्कर्ष काढणं चूकच आहे, बीजाणू बघायलाच हवेत.

त्यासाठी काही पानं न सुकवता ठेवा. नखाएवढे तुकडे कापून बशीत अगदी थोड्या स्वच्छ पाण्यात (क्लोरीनवालं नको) थंड जागी दोन दिवस ठेवा, मग मायक्रोस्कोपखाली १०० पट मोठं करून तुकड्याच्या कडा बघा, कडेवरून बारीक दांड्या बाहेर आलेल्या दिसतील आणि त्यांच्या टोकाला बीजाणू. नावं नाही आली तरी चालेल, वेगवेगळे आकार किती ते मोजा. तांबं, जस्त, कॅडमियम असे धातू पाण्यात आले की प्रकार कमी होतात, मोजक्या सहनशील जाती उरतात, आणि बुरशी पानात जिवंत असली तरी बीजाणू बनवणं बरेचदा आधी मंदावतं. शेतातून येणारी बुरशीनाशकं तर बुरशी मारायलाच बनवलेली, ती नदीतल्या बुरशीला कशी सोडतील.

काही जण नदीवरचा फेस बाटलीत भरून बघतात. त्यात बीजाणू भरपूर सापडतात, पण ते वरून वाहत आलेले असतात, त्यामुळे नाल्याच्या खालचा फेस वरच्या स्वच्छ पट्ट्याची साक्ष देत असेल. त्या जागेचं खरं काय ते तिथे बुडालेलं पानच सांगतं.

आणि नाल्याच्या तोंडाशी दगडांवर राखाडी, कापसासारखे लोंबते झुपके दिसले तर ते बुरशीत मोजू नका, ते बहुधा स्फेरोटिलस नावाच्या बॅक्टेरियाचे असतात. त्याची वेगळी नोंद करा, फोटो काढा, तारीख घाला, आणि पाणी कमी असताना एकदा आणि पूर ओसरल्यावर एकदा अशी सगळी टेस्ट त्याच दोन जागी परत करा.