मॅच प्ले कसा खेळावा: होलमागून होल, शब्दामागून शब्द

गोल्फमध्ये स्ट्रोक प्लेची, म्हणजे एकूण फटके मोजण्याची, सवय झालेला खेळाडू पहिल्यांदा मॅच प्ले, म्हणजे एकेका होलची लढत, खेळायला उतरतो, तेव्हा तो हातापेक्षा तोंडाने आणि कानाने जास्त चुकतो. समोरचा काहीतरी पुटपुटतो, याला वाटतं पट (चेंडू होलमध्ये घालायचा हलका फटका) सोडला, हा चेंडू उचलतो आणि होल गमावून बसतो. किंवा पाच फटके झालेले असताना घाईत ‘चार’ सांगून टाकतो आणि पुढच्या टीवर (होल जिथून सुरू होतो त्या जागी) गेल्यावर त्याची किंमत कळते. चेंडू कसा ठेवायचा, बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) काय चालतं, पाण्यात गेला तर काय, हे नियम दोन्ही प्रकारांत बहुतांशी सारखेच आहेत. वेगळं जे आहे, त्यातलं बरंचसं दोन खेळाडूंनी एकमेकांना काय सांगायचं, कधी सांगायचं आणि दिलेला शब्द कसा पाळायचा याविषयी आहे. ते समजलं की मॅच प्ले अवघड राहत नाही.

आधी हिशेब पक्का करा

स्ट्रोक प्लेमध्ये सगळ्या होलांवरच्या फटक्यांची बेरीज होते. इथे प्रत्येक होल ही स्वतंत्र लढत असते. त्या होलवर ज्याचे फटके कमी, होल त्याचा. सारखे झाले तर होल बरोबरीत. तुम्ही चार आणि त्यांनी पाच घेतले तरी एक होल, तुम्ही चार आणि त्यांनी अकरा घेतले तरी एकच होल. एखाद्या होलवर पार धुळधाण उडाली तरी नुकसान तेवढ्यापुरतंच राहतं, म्हणून नवख्याला हा प्रकार मला जास्त मायाळू वाटतो.

गुण ‘अप’ आणि ‘डाउन’मध्ये मोजतात. पहिले तीन होल तुम्ही जिंकलात, चौथा बरोबरीत सुटला, पाचवा त्यांनी घेतला, तर तुम्ही 2 अप आणि ते 2 डाउन. उरलेल्या होलांपेक्षा आघाडी मोठी झाली की मॅच तिथेच संपते. 16व्या होलनंतर तुम्ही 3 अप असाल तर उरलेले दोन होल जिंकूनही समोरच्याला गाठता येणार नाही, म्हणून निकाल ‘3 आणि 2’ असा लिहितात: तीनची आघाडी, दोन होल शिल्लक. मॅच 18व्या होलवर संपली तर नुसतं ‘1 अप’ किंवा ‘2 अप’. आघाडी आणि उरलेले होल सारखे असतील, म्हणजे चार होल बाकी आणि तुम्ही 4 अप, तर खेळाडू त्याला ‘डॉर्मी’ म्हणतात. समोरच्याने उरलेले सगळे होल जिंकले तरच बरोबरी.

टायगर वूड्सने 2006 मध्ये वर्ल्ड गोल्फ चॅम्पियनशिपच्या मॅच प्ले स्पर्धेत स्टीफन एम्सला ‘9 आणि 8’ने हरवलं होतं. हा आकडा वाचता आला की हिशेब समजला असं धरा: पहिले नऊच्या नऊ होल वूड्सचे, दहावा बरोबरीत, आणि खेळ खलास.

पहिल्या टीवर पोहोचण्याआधी

हँडिकॅप (खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा; जितका जास्त, तितका खेळाडू कमकुवत) लावून खेळत असाल तर दोघांनी आपापला हँडिकॅप आधीच एकमेकांना सांगावा. एकास एक मॅचमध्ये साधारणपणे दोघांमधला पूर्ण फरक कमकुवत खेळाडूला मिळतो. तुमचा 9 आणि त्यांचा 16 असेल तर त्यांना सात फटके. हे सात कुठे वापरायचे ते स्कोअरकार्डावरचा स्ट्रोक इंडेक्स, म्हणजे प्रत्येक होलला दिलेला 1 ते 18 मधला क्रमांक, ठरवतो: इंडेक्स 1 ते 7 असलेल्या होलांवर त्यांच्या फटक्यांतून एक वजा. अशा होलवर दोघांनी पाच-पाच घेतले, तर होल त्यांचा. फरक 18 पेक्षा जास्त असला तर प्रत्येक होलवर एक, आणि उरलेले फटके पुन्हा इंडेक्स 1 पासून. कुठल्या होलांवर फटका मिळणार यावर खेळण्याआधी कार्डावर खूण करून ठेवा. हा घोळ होलच्या मध्यावर निस्तरायला गेलं की दोघांचाही खेळ बिघडतो.

आपला हँडिकॅप खऱ्यापेक्षा जास्त सांगून खेळायला सुरुवात केली आणि त्यामुळे द्यायच्या-घ्यायच्या फटक्यांत फरक पडला, तर खेळाडू मॅचमधून बाद होतो. कमी सांगितला तर बाद होत नाही, पण मग तोच कमी आकडा धरून खेळावं लागतं.

वेळ पाळा. पाच मिनिटांपर्यंतचा उशीर म्हणजे पहिला होल गेला. त्याहून जास्त म्हणजे बाद. बॅगेतल्या क्लबही मोजा. 14 पेक्षा जास्त निघाल्या तर ज्या-ज्या होलवर नियम मोडला त्या प्रत्येकासाठी तुमच्या खात्यातून एक होल कमी होतो, जास्तीत जास्त दोन. एक सवलतही आहे: स्ट्रोक प्लेमध्ये फेरीआधी त्याच कोर्सवर सराव करता येत नाही, मॅच प्लेमध्ये मात्र करता येतो, आयोजकांनी वेगळं ठरवलं नसेल तर.

कुणाची पाळी, हे पाहूनच खेळा

पहिल्या टीवर कोण आधी मारणार ते आयोजकांच्या यादीवरून किंवा नाणं उडवून ठरतं. पुढे जो होल जिंकेल तो पुढच्या टीवर आधी. बरोबरी झाली तर आधीचाच क्रम चालू. टीवरून फटके झाले की होलपासून ज्याचा चेंडू जास्त लांब, त्याची पाळी.

स्ट्रोक प्लेमध्ये पाळी चुकली तर सहसा कुणाचं काही बिघडत नाही. इथे बिघडतं. तुम्ही पाळी सोडून आधी मारलंत तर दंड नाही, पण समोरचा तो फटका रद्द करून तुम्हाला पुन्हा मारायला लावू शकतो. त्याने हे लगेच, आणि दोघांपैकी कुणीही पुढचा फटका मारण्याआधी सांगायला हवं. फटका वाईट गेला असेल तर तो अर्थातच गप्प राहील. तोही त्याचा हक्क. 2000 च्या सोलहाइम कपमध्ये (युरोप आणि अमेरिकेच्या महिला संघांची स्पर्धा) स्कॉटलंडमधल्या लॉक लोमंडला युरोपच्या अ‍ॅनिका सोरेनस्टॅमने ग्रीनबाहेरून (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताबाहेरून) मारलेला चिप, म्हणजे छोटा उचललेला फटका, थेट होलमध्ये गेला. पाळी मात्र तिची नव्हती. अमेरिकन जोडीने फटका रद्द करायला लावला आणि दुसऱ्यांदा तो गेला नाही. त्यावर वाद खूप झाला, पण नियमाने अमेरिकन जोडीचं बरोबर होतं. टीच्या खुणांच्या पुढे उभं राहून मारलं तरी हेच: दंड नाही, पण फटका रद्द होऊ शकतो.

वेळ वाचवण्यासाठी ‘तयार असेल त्याने मारावं’ असं दोघांच्या संमतीने चालतं. तुम्ही स्वतः संमती दिलीत की मग तो फटका रद्द करण्याचा हक्क तुमच्याकडे राहत नाही. म्हणून संमती विचारून घ्या आणि विचार करूनच द्या.

पट सोडणं: मॅच प्लेचा गाभा

समोरच्याचा चेंडू होलपासून हातभर अंतरावर आहे, तो घालणारच असं तुम्हाला वाटतं. तुम्ही म्हणता, ‘राहू द्या, झाला.’ याला पट सोडणं, देणं किंवा कन्सीड करणं म्हणतात. तो फटका मारला असं धरून त्याच्या संख्येत एक मिळवतात आणि त्याचा होल पूर्ण होतो. फटकाच काय, अख्खा होल किंवा अख्खी मॅचही सोडता येते. होल तर सुरू होण्याआधीही सोडता येतो. फक्त मॅच लवकर आटपावी म्हणून दोघांनी संगनमताने होल सोडले तर दोघेही बाद.

इथे तीन गोष्टी मनात पक्क्या ठेवा. सोडलेला पट परत घेता येत नाही. तो नाकारताही येत नाही. ‘नको, मी मारतोच’ म्हणून मारला आणि चुकला तरी तो सोडलेलाच धरतात. आणि पट मागायचा नसतो. नियम मागण्याला दंड करत नाही, पण चेंडूकडे बघून समोरच्याकडे आशेने पाहत राहणं कुणालाच शोभत नाही.

सोडण्याचा शब्द स्पष्ट हवा. 2015 च्या सोलहाइम कपमध्ये, जर्मनीत, अ‍ॅलिसन लीला वाटलं की आपला छोटा पट सोडला आहे, आणि तिने चेंडू उचलला. समोरच्या संघातल्या सुझान पेटरसनने पट सोडलेला नव्हता. दंड बसला, होल गेला, मैदानावर अश्रू आले. 2019 मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनला मॅच प्ले स्पर्धेत सर्जिओ गार्सियाने पट हुकल्यावर उरलेलं वीतभर अंतर क्लबच्या उलट बाजूने सहज टोलवलं, समोरच्या मॅट कुचरने काही म्हणायच्या आधीच. चेंडू आत गेला नाही. कुचरला तो पट सोडायचाच होता, पण त्याने तसं म्हटलेलं नव्हतं आणि फटका तर मारून झाला होता. होल कुचरचा.

म्हणून सवय लावून घ्या: पट सोडताना समोरच्याकडे पाहून, ऐकू जाईल असं बोला. तुमचा पट सोडला असं वाटलं तर ‘सोडला ना?’ एवढं विचारून मगच चेंडूला हात लावा. समोरच्याच्या बोलण्याचा किंवा खुणेचा तुमचा खरोखर आणि रास्त गैरसमज झाला असेल, तर दंड न होता चेंडू जागेवर ठेवता येतो. पण त्याने काही म्हटलेलंच नसेल तर ही सवलत कामाची नाही.

किती लांबचा पट सोडावा, याला नियम नाही. 1969 च्या रायडर कपमध्ये, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटन आणि अमेरिकेच्या पुरुष संघांच्या सामन्यात, इंग्लंडमधल्या रॉयल बर्कडेलला शेवटच्या होलवर ब्रिटनच्या टोनी जॅकलिनला छोटा पट घालायचा होता. चुकला असता तर अमेरिका जिंकली असती. अमेरिकेच्या जॅक निकलसने तो सोडला आणि सामना 16-16 असा बरोबरीत सुटला. आजही सगळे याचं उदाहरण देतात, आणि ते योग्यच आहे. पण त्याचा अर्थ तुम्ही प्रत्येक पट सोडावा असा नाही. हातभर पटही चुकतात, आणि समोरच्याला तो मारायला लावणं हा खेळाचाच भाग आहे.

विचारलं की खरा आकडा सांगा

होल चालू असताना किंवा संपल्यावर समोरचा ‘किती झाले?’ असं कधीही विचारू शकतो, आणि तुम्ही बरोबर आकडा सांगायलाच हवा, कारण त्यावर तो धोका पत्करायचा की सांभाळून खेळायचं हे ठरवतो. चुकीचा आकडा वेळेत दुरुस्त केला नाही तर होल जातो. होल चालू असेल तर त्याने पुढचा फटका मारण्याआधी किंवा काही सोडण्याआधी दुरुस्त करा. होल संपला असेल तर पुढच्या होलचा पहिला फटका पडण्याआधी. मनात शंका असेल तर ‘थांबा, मोजतो’ म्हणा आणि मोजून सांगा.

तुम्हाला दंड झाला असेल तर त्याने विचारायची वाट पाहू नका. शक्य तितक्या लवकर सांगा. त्याने तो डोळ्यांदेखत पाहिला असेल तेव्हाच न सांगून चालतं.

आकडा विचारायला हरकत नाही, पण ‘कुठली क्लब मारलीत?’ असं विचारू नका. हा सल्ला मागणं ठरतं आणि होल जातो. अंतर मात्र विचारता येतं.

दंड कसा बसतो

एका फटक्याचे दंड तसेच राहतात, जसे पेनल्टी एरियातून (पाण्यासारख्या खूण केलेल्या भागातून) चेंडू बाहेर काढून टाकताना. स्ट्रोक प्लेमध्ये जिथे दोन फटके भरायचे असतात, तिथे मॅच प्लेमध्ये बहुधा होलच जातो: दुसऱ्याच चेंडूला मारलं, चुकीच्या जागेवरून खेळलं, बंकरमध्ये वाळू चाचपली. दोघांनी एकमेकांचे चेंडू खेळले, तर ज्याने आधी मारला तो होल हरतो. कुणी आधी ते कळत नसेल तर अदलाबदल झालेल्या चेंडूंनीच होल पूर्ण करायचा. एक फरक सुखावणारा आहे: ग्रीनवरून मारलेला पट ग्रीनवरच थांबलेल्या समोरच्याच्या चेंडूला लागला तर स्ट्रोक प्लेमध्ये दोन फटके जातात, इथे दंडच नाही.

वाद झाला तर तिथल्या तिथे

स्ट्रोक प्लेमध्ये शंका आली तर दोन चेंडू खेळून नंतर विचारता येतं. मॅच प्लेमध्ये हे चालत नाही. रेफरी जवळ असेल तर विचारा. नसेल तर दोघांनी नियम आठवून प्रामाणिकपणे एकमत करा. पुढे ते एकमत चुकीचं निघालं तरी निकाल टिकतो. एकमत होत नसेल तर ‘मी निर्णय मागणार आहे’ असं समोरच्याला स्पष्ट सांगा आणि खेळ पुढे न्या. हे पुढच्या होलचा पहिला फटका पडण्याआधी सांगितलं पाहिजे. नंतर आठवलेली तक्रार सहसा ऐकली जात नाही.

समोरच्याने नियम मोडलेला दिसला, तर तुम्ही एकट्याने दुर्लक्ष करू शकता. ‘जाऊ द्या, दोघांनीही सोडून देऊ’ असं ठरवता येत नाही. नियम मोडला आहे हे माहीत असून दोघांनी मिळून डोळेझाक केली तर दोघेही बाद.

18 होलांनंतर बरोबरी असेल तर

काही स्पर्धांत बरोबरी हाच निकाल असतो. रायडर कपमध्ये दोन्ही संघांना अर्धा-अर्धा गुण मिळतो. बाद फेरीच्या स्पर्धेत मात्र पुन्हा पहिल्या होलपासून एकेक होल खेळतात, कुणीतरी जिंकेपर्यंत. त्या होलवर आधी फटका मिळाला असेल तर तो आताही मिळतो. म्हणून ‘19व्या होलवर जिंकला’ असं वाचाल तेव्हा तो बहुधा पहिलाच होल असतो, दुसऱ्यांदा खेळलेला. मॅच प्लेमध्ये सही केलेलं कार्ड देण्याची सक्ती नसते, तेव्हा शेवटच्या ग्रीनवर हात मिळवण्याआधी निकाल एकमेकांना मोठ्याने सांगा, दोघांचा आकडा जुळतो का ते पाहा आणि मगच तो आयोजकांकडे नोंदवा.